हलकी रायफल, जड किंमत

गणपतीत गावी येणाऱ्यांत हल्ली मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांबरोबर ऑकलंड, क्राइस्टचर्च, कॅल्गरीहून आलेली पोरंही असतात. त्यांतल्या एखाद्याला तिकडे शिकारीचा नाद लागलेला असतो. आरत्या आटपल्या की पडवीत मोबाइल निघतो आणि रायफलींचे फोटो फिरू लागतात. मी न्यूझीलंडच्या साउथ आयलंडवर बरीच वर्षं काढून देवगडला परतलो, त्यामुळे "मामा, ही घेऊ का?" हा प्रश्न माझ्याकडे येतो. यंदा भाच्याने टायटॅनियमच्या एका रायफलीची किंमत रुपयांत करून सांगितली, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "तिका सोन्याचा पाणी दिल्यानी काय?"

काकांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर असल्या रायफलीत पैसा कुठे मुरतो ते उलगडून बघावं लागतं. नवख्या माणसाला दुकानात उभं राहून स्वतः पारख करता यावी, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

आधी काम ठरवा, आणि कायदा

इथे कोकणात राहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे हौसेची शिकार बंद आहे. बागेत शिरणारा रानडुक्करसुद्धा वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. शेतीसंरक्षणाचा बंदूक परवाना हातात आहे म्हणजे मारायची मुभा आहे, असा समज गावोगाव पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. परवाना हत्यार बाळगण्याचा असतो, जनावर मारण्याचा नव्हे.

दुसरं म्हणजे शेतीसंरक्षणासाठी १९५९च्या शस्त्र कायद्यात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती पुरेशी पडणार नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मंजूर होते, म्हणजे व्यवहारात आपली बारा बोअर. पेचदार नळीच्या रायफलीचा त्यात प्रश्नच येत नाही. काजूच्या बागेत मांगरापासून कुंपणापर्यंत जायचं, बार काढून डुकरं पिटाळायची, यासाठी शंभर ग्रॅम कमी-जास्त झाल्याने कुणाचं काही बिघडत नाही. तेव्हा इथल्या बागायतदाराने हलक्या रायफलीच्या नादी लागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपला मुलगा-भाचा परदेशात पैसे घालायला निघाला असेल, तर मात्र पुढचं वाचून त्याला चार प्रश्न विचारा.

तिकडे गोष्ट वेगळी असते. न्यूझीलंडमध्ये हरणं, शॅमॉय, ताहर ही सगळी बाहेरून आणून सोडलेली जनावरं आहेत. ताहर तर आपल्या हिमालयातला रानबोकड, १९०४ साली माउंट कुकच्या परिसरात नेऊन सोडलेला. तिथल्या डोंगरांतला झाडपाला ही जनावरं उजाड करतात, म्हणून त्यांची शिकार कायदेशीर आहे आणि सरकारलाही ती हवी असते. पोलिसांकडून मिळणारा शस्त्र परवाना आणि सरकारी जमिनीवर जाण्याची परवानगी एवढं जवळ लागतं. ताहर राहतो झाडांच्या रेषेच्या वर, कड्यांत. सकाळी नदीच्या पात्रातून निघून हजार मीटर चढायचं, रात्र तंबूत काढायची, दुसऱ्या दिवशी मांस पाठीवर घेऊन उतरायचं. तिथे अर्धा किलो कमी झाला तर तो खरोखर जाणवतो.

म्हणून पहिला प्रश्न असा: वर्षातून किती वेळा तुम्ही रायफल खांद्यावर घेऊन दिवसभर चढणार आहात? गाडीतून उतरून शेताच्या बांधावर बसणार असाल, तर पुढचं सगळं करमणूक म्हणून वाचा.

खरं वजन करा

माहितीपत्रकातलं वजन नागड्या रायफलीचं असतं. त्यात स्कोप म्हणजे नेमाची दुर्बीण नाही, ती बसवायच्या कड्या नाहीत, पट्टा नाही, काडतुसं नाहीत. स्कोप ४०० ते ८०० ग्रॅमचा, कड्या शंभर-दीडशेच्या, पट्टा शंभराच्या आसपास, .३०८ या मापाची चार काडतुसं मिळून सुमारे १०० ग्रॅम. न्यूझीलंडमध्ये बहुतेक जण आवाज दाबणारं सायलेन्सर लावतात, त्याचे आणखी तीन-चारशे. म्हणजे २.३ किलोची म्हणून घेतलेली रायफल डोंगरात साडेतीन किलोची होते.

मासळीवाल्याकडे असतो तसला लटकता काटा घ्या आणि दुकानदाराला सांगा, सगळं चढवून द्या. तो काटा बघून दुकानदाराचा चेहरा जरा बदलतो, बदलू द्या. दोन रायफलींची तुलना करायची तर दोन्ही सारख्याच सामानासकट तोला.

अंदाजासाठी सांगतो. लाकडी किंवा साध्या प्लॅस्टिक दस्त्याची नेहमीची बोल्ट रायफल (दर बारामागे बोल्ट हा दांडा हाताने मागेपुढे करून काडतूस आत घालायची) स्कोपशिवाय ३.२ ते ३.६ किलो भरते. १९५२ साली विंचेस्टरने मॉडेल ७० ची 'फेदरवेट' काढली, ती साधारण तीन किलोची होती आणि त्या काळी तेवढंच हलकं मानलं जाई. फिनलंडची टिक्का टी-थ्री २००३ साली आली. तिच्या 'लाइट' प्रकारांनी तीन किलोच्या आतली रायफल साध्या माणसाच्या खिशात बसवली. त्याखाली २.२ ते २.५ किलोचा वर्ग आहे, आणि खरी उधळपट्टी तिथूनच सुरू होते.

वजन कुठून काढलंय ते शोधा

पारख होते ती इथेच. रायफलीचं वजन पाच-सहा ठिकाणांहून काढता येतं. काही जागी ते काढलं तर फायदा होतो, काही जागी अंगाशी येतं.

दस्ता ही सगळ्यात उत्तम जागा. लाकडी दस्ता किलोभराचा असतो, हाताने थर देऊन केलेला चांगला कार्बन फायबरचा पाचशे ते सातशे ग्रॅमचा. इथे मोजलेला पैसा सहसा वाया जात नाही, कारण हलकेपणाबरोबर ताठपणाही मिळतो. पण कार्बनसारखी नक्षी छापलेले साधे प्लॅस्टिकचे दस्तेही बाजारात आहेत. ओळखायचं असं: दस्त्याचा पुढचा भाग आणि नळी एका मुठीत धरून दाबा. दस्ता वाकून नळीला टेकला तर तो प्लॅस्टिकचा पोकळ माल. मग घडी न घातलेली एक नोट नळी आणि दस्ता यांच्या फटीतून मागे सरकवत न्या. ती अडखळत नसेल तर नळी मोकळी आहे, आणि तशीच ती असायला हवी.

बॉडीची जागा दुसरी. बॉडी म्हणजे नळीच्या मागचा, बोल्ट ज्यात सरकतो तो सांगाडा. पोलादाची घनता ७.८५, टायटॅनियमची साडेचार. त्याच आकाराचा तुकडा चाळीस टक्क्यांहून थोडा जास्तच हलका होतो. पण टायटॅनियम कापायला कठीण, हत्यारं लवकर झिजतात, म्हणून किंमत चढते. शिवाय टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की ते एकमेकांना धरतं, त्यामुळे बोल्ट बहुधा पोलादाचाच ठेवतात. बॉडी टायटॅनियमची असेल तर बोल्ट पन्नास वेळा मागेपुढे करून बघा. वाळू घातल्यासारखा खरखरला तर पुढे जाऊ नका. बॉडी लहान करून वजन कमी करणं मात्र फुकटात होतं. .३०८ सारखं आखूड काडतूस निवडलं की आखूड बॉडी पुरते आणि एक पैसा जास्त न देता बरेच ग्रॅम वाचतात. दुकानदार हे आपणहून सांगत नाही.

नळीबद्दल जरा सावध राहायला हवं. पेन्सिलसारखी बारीक नळी करणं निर्मात्याला सगळ्यात सोपं आणि सगळ्यात स्वस्त. ती लवकर तापते, आणि पोलादातला ताण नीट काढलेला नसेल तर तापल्यावर गोळी भलतीकडे सरकत जाते. चांगल्या नळीत हे फारसं होत नाही. म्हणजे बारीक नळीत पैसा असतो तो कारागिरीचा, आणि कारागिरी डोळ्यांनी दिसत नाही, चालवूनच कळते. कार्बन गुंडाळलेली नळी हा मधला मार्ग: आत बारीक पोलाद, वर कार्बनचा जाड थर. ताठपणा मिळतो, पण तितक्याच वजनाची साधी बारीक नळी पुष्कळ स्वस्त पडते. ताहरवर एक, फार तर दोन बार काढायचे असतील तर मी कार्बनच्या नळीला पैसे घालणार नाही.

नळी आखूड करून वजन कमी केलं असेल तर इंचामागे गोळीचा वेग सेकंदाला साधारण सहा ते दहा मीटरने घटतो. वीस इंचांपर्यंत हे चालून जातं. मोठ्या, जास्त दारूच्या मॅग्नम काडतुसाला मात्र आखूड नळी म्हणजे निव्वळ आवाज आणि जाळ.

उरलेली जागा म्हणजे बारीकसारीक कोरीवकाम: बोल्टवर खाचा, पोकळ मूठ, खालून न उघडणारं मॅगझिन. प्रत्येकी वीस-तीस-पन्नास ग्रॅम. खालून न उघडणारं मॅगझिन रिकामं करायचं तर प्रत्येक काडतूस बोल्टने वर ओढून काढावं लागतं. संध्याकाळी गारठलेल्या बोटांनी हे करताना नवख्याच्या हातून गफलत होऊ शकते. पन्नास ग्रॅमसाठी मी हे मान्य करत नाही.

खांदा काय म्हणतो

काडतूस तेच ठेवून रायफल हलकी केली की धक्क्याची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. .३०-०६ काडतुसात १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ११.७ ग्रॅमची, गोळी घालून ३.६ किलोची रायफल उडवली तर धक्का साधारण २८ ज्यूलचा बसतो. तीच २.४ किलोची केली तर बेचाळीसच्या आसपास, म्हणजे दीडपट. शिवाय हलकी रायफल मागे येते तीही जास्त वेगाने. स्कोप डोळ्याच्या जवळ बसवलेला असेल तर भुवईवर चंद्रकोर उमटते. तिकडे ती पुष्कळांच्या कपाळावर असते.

धक्क्यापेक्षा वाईट म्हणजे त्याची धास्ती. चार-सहा बार झाले की माणूस चाप ओढायच्या आधीच अंग चोरतो, आणि मग लाखांची रायफल स्वस्तातल्या रायफलीपेक्षा वाईट नेम देते. म्हणून अडीच किलोच्या आतली घ्यायची तर काडतूस सौम्य निवडा: ७ बाय ५७, ७ एमएम-०८, ६.५ क्रीडमूर. जिम कॉर्बेटला १९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीबद्दल भेट मिळाली ती .२७५ रिग्बी रायफल, तिचं काडतूस म्हणजे हेच ७ बाय ५७. हलकी, सुटसुटीत, खांद्याला न झोंबणारी. ज्यांना .३०० मॅग्नम आणि अडीच किलो हे दोन्ही एकत्र हवं असतं, त्यांनी ती आधी कुणाची तरी मागून दहा बार काढून बघावी.

नळीच्या टोकाला ब्रेक, म्हणजे वायू बाजूला सोडणारं भोकांचं टोपण, लावून धक्का कमी होतो, पण आवाज कानठळ्या बसवणारा होतो आणि सगळा बाजूला फेकला जातो. सोबतचा माणूस वैतागतो तो वेगळाच.

चापाकडेही बघा. रायफल दोन-सव्वादोन किलोची आणि चाप ओढायलाही दोन किलो जोर, असं असलं तर चाप ओढतानाच रायफल हलते. चाप एक-सव्वा किलोवर नीट बसवता येतो का ते विचारा. आणखी एक गोष्ट आपल्या बांध्याची: तिकडचे दस्ते साडेतेरा-पावणेचौदा इंची, लांब हातांच्या माणसांसाठी केलेले. आपल्यापैकी पुष्कळांना ते अर्धा इंच लांब पडतात. कार्बनचा दस्ता कापून लहान करणं जमतं, पण ते काम जाणत्याकडूनच करून घ्यावं.

चालवून बघताना

दुकानदार तीन छिद्रं एका नाण्यात मावणारा कागद दाखवेल. तो कागद बाजूला ठेवा. तीन बार कुणाचेही एखाद्या दिवशी जवळ पडतात.

शिकारीला महत्त्व असतं ते थंड नळीतून सुटलेल्या पहिल्या गोळीला. म्हणून रेंजवर गेलात की पहिले दोन बार एका कागदावर काढा आणि तो कागद जपून ठेवा. पुढच्या खेपेला त्याच कागदावर पुन्हा थंड नळीचे दोन. असे दहा बार झाले की रायफल खरं काय करते ते त्या कागदावर दिसतं. नेम मोजतात तो कोनाच्या मिनिटांत, मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग: १०० मीटरवर एक मिनिट म्हणजे २.९ सेंटिमीटर. दहाच्या दहा बार सहा सेंटिमीटरच्या वर्तुळात पडले तर डोंगरातल्या शिकारीला ती रायफल पुरून उरली. अर्ध्या मिनिटाची हमी देणाऱ्या कंपनीला त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही, कारण धापा टाकत दगडावर टेकून नेम धरणारा माणूस अर्ध्या मिनिटाचा नसतो.

हलकी रायफल बाकावर नाचते, हेही लक्षात असू द्या. पुढचा हात दस्त्यावर ठेवून ती धरावी लागते, जड रायफलीसारखी पिशवीवर मोकळी सोडून चालत नाही. पुष्कळ चांगल्या रायफली फक्त या कारणाने 'नेम नाही' म्हणून परत विकल्या जातात, आणि जाणकार त्या अर्ध्या किमतीत उचलतात.

खारी हवा

हे कोकणातल्या माणसाला जास्त सांगायला नको. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिकडच्या मिलफर्ड साउंडला सहा हजारांच्या वर. लाकडी दस्ता पाणी पिऊन फुगतो, नळीला टेकतो, आणि मे महिन्यात जुळवलेला नेम ऑगस्टमध्ये चुकतो. कार्बनचा दस्ता घेण्याचं माझ्या मते सगळ्यात सबळ कारण हेच, वजन त्यानंतर.

पण स्टेनलेस म्हणजे गंजत नाही हा भ्रम नको. नळीसाठी वापरतात ते स्टेनलेस समुद्राच्या हवेत ठिपक्यांनी खाल्लं जातं. आणि कार्बन फायबर ॲल्युमिनियमला टेकून खारट ओलीत राहिला तर ॲल्युमिनियम झिजतं. बोटीवर काम केलेल्यांना तो पांढरा भुसा ओळखीचा असेल. दस्त्यातल्या ॲल्युमिनियमच्या खांबांभोवती आणि खालच्या पट्टीखाली स्क्रू काढून बघा. चामड्याच्या म्यानात किंवा फोमच्या पेटीत रायफल महिनोन्‌महिने ठेवू नका, दोन्ही ओल धरून ठेवतात.

किमतीचं गणित

आता काटा आणि पावती शेजारी ठेवा. समजा साधी चांगली रायफल २.९ किलोची, दोन लाखांना. दुसरी २.३ किलोची, पाच लाखांना. फरक तीन लाख रुपये आणि ६०० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला ५०० रुपये. हा आकडा काढल्याशिवाय दुकानातून पैसे देऊ नका.

मग त्याच ६०० ग्रॅमकडे जाणारा स्वस्त रस्ता शोधा. ७५० ग्रॅमचा मोठा स्कोप काढून ४०० ग्रॅमचा साधा बसवला की ३५० गेले. जड पोलादी कड्यांऐवजी हलक्या, आणखी पन्नास-साठ. उरलेलं पाठपिशवीतून, नाहीतर स्वतःच्या पोटावरून निघतं. भाच्याला मी हेच सांगितलं, आणि पोटाचं बोलल्यावर त्याने मोबाइल खिशात टाकला.

एवढं करूनही महाग रायफलच घ्यायची असेल तर पैसा दस्ता, चाप आणि नळीची कारागिरी यांत गेलेला असावा. रंग, नक्षी, मर्यादित आवृत्तीचा बिल्ला यांत गेलेला पैसा पुन्हा विकताना सगळ्यात आधी उडतो. नळी बदलून मिळते का, सुटे भाग किती दिवसांत येतात, हेही विचारा. लहान कारखान्याची रायफल उत्तम असते, पण कारखाना बंद पडला की एक्स्ट्रॅक्टरसाठी, म्हणजे काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्यासाठी, हात पसरावे लागतात.

इथे जुनी बघताना

वडिलोपार्जित परवान्यावर किंवा नेमबाजीसाठी कुणी रायफल बघत असेल तर भारतातल्या किमतींवरून मूल्य ठरवू नये. सर्वसाधारण परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करणं १९८०च्या दशकापासून बंद आहे, सवलत आहे ती मुख्यतः नेमबाज खेळाडूंना. त्यामुळे जुनी मॅनलिकर किंवा रिग्बी इथे भलत्या भावाने जाते. ती किंमत टंचाईची असते, पोलादाची नव्हे. 

अशी रायफल बघायची तर नळी मागून उजेडाकडे धरून आत खड्डे आहेत का ते बघा. कोकणातल्या जुन्या रायफलींत ते असतातच, प्रश्न किती खोल एवढाच. तोंडाकडची कड बोटाने चाचपा: कापून आखूड केलेली नळी तिथे कळते. बॉडीवरचा नंबर, बोल्टवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर जुळतो का ते तपासा. दस्त्यात मानेजवळ केसासारखी चीर असेल तर ती तेलाने झाकलेली असते, कोरड्या फडक्याने पुसून उन्हात धरा. त्या काडतुसाची गोळी आज मिळते का, हे विक्रेत्याला न विचारता दुसऱ्या परवानाधारक दुकानात विचारा.

व्यवहार खासगी असेल तर जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस झाल्याशिवाय हत्यार हातात घेऊ नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा घरात आजोबांची दुनळी आणि काकांची बारा बोअर आधीच तुमच्या नावावर असतील तर तिसरीचा भाव विचारण्याआधी त्यांतली कुठली जाणार ते ठरवा.